वशिंडवाली मस्टँग

मी मूळची हिवरखेडची. तेल्हाऱ्याकडचं हिवरखेड, चांगलं मोठं गाव हाय, पन नावात खेड हाय म्हनून अमरावतीतल्या बाया मले खेड्यातली समजतात, समजू द्या. बाप जिनिंगचा ट्रक चालवे. आमी चार बहिनी, मी सगळ्यात धाकटी, अन् बाप मले केबिनमंधी संगं नेये, लाडानं नाई बरं, त्याले बिडी पेटवाले दोन हात लागत अन् तेवढा वेळ इस्टेरिंग कोन धरन, म्हनून नेये. तर असं माहं शिक्षन सुरू झालं, एका बिडीपुरतं. मंग बिड्या वाढत गेल्या, रस्ता लांबत गेला, अन् दहावीत जायपर्यंत मी भरलेला ट्रक पार अकोटपर्यंत नेऊ लागली अन् बाप बाजूले बसून नुसता धूर सोडे. रस्त्यात कोनी म्हने, अरे पोट्टी चालवून राहिली ना. बाप म्हने, तुह्या अंगावर तर नाई ना घातली तिनं, मंग हो बाजूले.

तुमाले काय सांगू ताई, तुमी तर माह्यापाशीच गाडी शिकल्या, राजापेठेतल्या त्या गल्लीत, इकडून ट्युशनचे पोट्टे सायकली घेऊन, तिकडून स्कुट्या, मंधात तुमी, अन् तुमचा पाय क्लचवरून काई निघे नाई. मी म्हटलं होतं ना, ताई, क्लच म्हनजे माहेर नाई, सोडा आता. तुमी रुसल्या होत्या दोन दिवस. पन शिकल्या. माह्यापाशी मास्तरनी शिकल्या, डॉक्टरनी शिकल्या, एक आजीबाई शिकल्या ज्यायले सुनेच्या घरून निघाले गाडी पायजे होती. गाडीत मी डाव्या बाजूले बसतो, माह्या पायाखाली येगळा ब्रेक अन् येगळा क्लच, ते माह्या मिस्टरनं बसवून देल्लं. मिस्टर म्हनजे आमचे बुवा. आता सारं त्यायचंच सांगाचं हाय, पन सरळ सांगता येत नाई, कारन सरळ घडलंच नाई.

बुवा अकोल्याचे. लग्नाच्या आधी तिथं एका गॅरेजात कामाले होते. त्या गॅरेजात एक दिवस कापसाच्या एका शेटजीची गाडी ओढून आनली, लाल, लांब नाकाची, दोन दाराची. शेटजीच्या बापानं कधीकाळी कोन्या परदेशी सायबापासून घेतली होती अन् मंग शेडमंधी टाकून देल्ली, तिच्यात कोंबड्या अंडे देत. मस्टँग होती ते, अमेरिकेची. बुवा गॅरेजात सगळ्यात लहान, म्हनून त्यायच्या वाट्याले कोंबड्यायची घान काढनं आलं. सीट धुतल्या, दार धुतले, अन् मोठ्या मिस्तरीनं लय खटपट करून एकदाची ते गाडी चालू केली. बुवा सांगत, तिचा आवाज कानात येतच नाई, पोटात वाजते, इथं, बेंबीच्या वर. शेटजीनं ते गाडी मुंबईच्या कोन्या शौकिनाले विकून टाकली. गाडी गेली, पोटातलं वाजनं नाई गेलं. त्यायले नंतर आयुष्यभर भूक लागली का आवाज आठवला ते समजे नाई, असं मी चिडवे.

मले पाहाले आले तेव्हाची गोष्ट ऐका. सारे बसले, चहा झाला, कोनी म्हने सैपाक येते का, कोनी म्हने शिवनं येते का. बुवा खाली मान घालून बसले होते, ते एकदम वर पाहून म्हनतात, ट्रकचं गेअर कसं पडते, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माहा बाप खूश. मी सांगतलं, क्लच दोनदा दाबा लागते. मंग हा मानूस साऱ्यायसमोर सांगाले लागला का अमेरिकेत अशा गाड्या हायत ज्याचं इंजिन तुमच्या ट्रकापेक्षा मोठं, अन् आत बसाले सारे दोघंच, लय झालं तर मांगं दोन लेकरं. मी म्हटलं, मंग मांगं कोन बसन? पोरीनं काई विचारू नये अशी पद्धत होती, पन तोंडातून निघून गेलं. बुवा म्हनतात, ते बसाले नाई, पाहाले असते. सारे हासले. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, अन् त्याच एका भांडनावर आमी संसार केला. नवल वाटते का? लोकायचे संसार त्याहून कमी गोष्टीवर चालते.

अमरावतीले आलो, राजापेठेत बुवानं गॅरेज टाकलं, वरतं घर, खाली गॅरेज, मांगं एक पत्र्याची शेड. दुपारी जेवनं झाले का कूलरसमोर आमचा कार्यक्रम सुरू होये. पयले अकोल्याच्या रद्दीवाल्यापासून इंग्रजी मासिकं येत, फाटके, तेलकट, चित्र पाहून पाहून बुवायनं शब्द शिकून घेतले. मंग मोबाईल आला, त्यात अमेरिकेतल्या कोन्या वाळवंटी गावातला गाड्यायचा लिलाव दिसे, हजार मानसं टोप्या घालून बसलेले अन् एक जन तोंडातल्या तोंडात इतक्या घाईनं भाव बोले का मले वाटे याले मिरची लागली. बुवा डॉलरचे रुपये करत. मले कोटी समजत नाई, एकर समजते, म्हनून मी त्या रुपयायचे हिवरखेडचे एकर करे. आमच्या घरात गाडीचा भाव एकरातच सांगाची पद्धत पडली. साधी मस्टँग म्हनजे रस्त्यापासून आतमंधलं कोरडवाहू वावर. कॉर्वेट, ते ज्याच्या मांगच्या काचेच्या मंधातून पट्टी जाते ते, ते विहिरीसकट संत्र्याचा बगीचा. अन् एक बाराकुडा नावाची हाय, मोठ्या इंजिनची, उघड्या टपाची, तिचा भाव ऐकून मी म्हटलं, बुवा, हे तर आख्खं गाव झालं, वरतून ग्रामपंचायत बी द्या लागन.

मस्टँग स्वस्त कावून, तर म्हने तिकडच्यायनं त्या लाखानं बनवल्या, मास्तरनीपासून शिपायापर्यंत साऱ्यायनं घेतल्या, म्हनून आजही तिचा स्क्रू-स्क्रू नवा भेटते, दाराची रबर भेटते, सीटचं कापड भेटते. मले ते पटे. ज्या गाडीचा सामान भेटते ते गाडी, बाकीच्या फोटो. पन बुवायचा जीव चार्जर नावाच्या गाडीवर. लांब, काळी, हेडलाईट झाकलेले, अन् मांगून पाह्यलं का खांदे काढून उभ्या पैलवानासारखी. अन् तिची गंमत अशी, का टप तोच, दार तेच, सारं तेच, आत साधं इंजिन असन तर एक भाव, अन् ते हेमी का काय म्हनतात ते असन तर त्याच्या कितीक पट. मी म्हटलं, म्हनजे बाहेरून पाह्यलं तर कोनाले समजत नाई? नाई समजत. मंग तुमी तर म्हनता ते पाहाले असते, मंग स्वस्तातली पाहा ना. बुवा चिडले का कूलरचं तोंड आपल्याकडे करून घेत.

मी सारं घरावरून मोजे. कॉर्वेटचा डबा फायबरचा, गंज लागत नाई, बुवा म्हनत पाहा, आपल्या पावसात पन टिकन. मी म्हटलं, टिकन, पन सीट दोन, डिक्कीले बाहेरून झाकनच नाई, सीटच्या मांगून सामान कोंबा, अन् दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाचं तर घरचे सात जन, तुमी अन् मी आत, बाकीचे काय टपावर? कमॅरोचं दार इतकं लांब का आपल्या गल्लीत उघडलं तर समोरच्या किरानावाल्याच्या तराजूत जाईन. मांगच्या सीटवर सासूबाईचे गुडघे मावले पायजे, डिक्कीत गॅसचं सिलिंडर मावलं पायजे, अन् राजापेठेतल्या स्पीड ब्रेकरवर पोट घासलं नाई पायजे. फायरबर्डच्या बोनेटवर मोठा पक्षी काढलेला असते पंख पसरून, सासूबाईनं फोटो पाह्यला अन् म्हने, हे गिधाड धुऊन काढता येईन का वो. चार्जरले मांगं जागा हाय, डिक्की मोठी, मी तेवढं कबूल करे, पन लांबी इतकी का वळवाची झाली तर पुढं एक मानूस स्कुट्या उचलाले ठेवा लागन. अन् मे महिन्यात, आमच्या इथल्या, बिनाएसीच्या लोखंडात कोन बसन? शेवटी मी ते एकच विचारे, मांगं कोन बसन. अन् ते म्हनत, बसाले नाई, पाहाले हाय. मंग चहा.

एक गोष्ट मात्र मले बी आवडे. त्या गाड्यायचं इस्टेरिंग डाव्या बाजूले असते. बुवा एकदा म्हनाले, तू जन्मभर जिथं बसून राहिली, अमेरिकेत ते ड्रायव्हरची सीट हाय. मी त्यादिवशी चहासंगं भजे तळले.

आता खरी मस्टँग तर घेनं होत नव्हतं. मंग अकोल्याचे एक रिटायर ओव्हरसियर होते, त्यायची काळी कॉन्टेसा बुवायनं घेतली. आपल्या इकडची ते एकच गाडी, जिचं नाक लांब अन् बसकी, दुरून पाह्यली, डोये बारीक केले, अन् संध्याकाळ असली, तर अमेरिकेची वाटते. बुवायनं तिच्यावर बोनेटपासून डिक्कीपर्यंत दोन पांढरे पट्टे ओढले. मंग म्हने, समोर जाळीवर घोडा पायजे, धावता, मस्टँगले असते तसा. घोडा कुठून आनाचा? आमच्या ओळखीचा एक सुतार तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करे, लेकरं ओढत फिरवतात ते, त्याले फोटो दाखवला. त्यानं फोटो नीट पाह्यला, दादा, होऊन जाईन म्हने, अन् आठ दिवसानं घोडा आनून देल्ला. तोंड घोड्याचं, आयाळ घोड्याची, शेपूट उडालेली, पाय धावते, अन् पाठीवर हे एवढं वशिंड. बुवा म्हनतात, हे काय बे? तो म्हने, दादा, हाताले तेच वळन हाय, माह्या हातून बिनावशिंडाचं जनावर उतरतच नाई. बुवायनं तासभर तो घोडा हातात फिरवला. मले वाटलं आता वशिंड घासून काढतात. त्यायनं चांदीचा रंग देल्ला अन् तसाच लावला. म्हने, वऱ्हाडातली मस्टँग हाय, वशिंड असनच.

त्या गाडीत आमी दीक्षाभूमीवर सात जन गेलो, दरवर्षी. मी समोर, सासूबाई अन् पोरगी अन् नंदेचं खटलं मांगं. एकदा सेमाडोहले बी गेलो, घाटात गाडी तापली, बोनेट उघडून बसलो, माकडं जमा झाले. बुवा म्हने, मस्टँग असती तर नाचत चढली असती. मी म्हटलं, तिचं नाक इतकं लांब, वळनावर समोरचं दिसलं नसतं, नाचत दरीत गेली असती. माकडं ऐकून राहिले होते.

तर मागच्या वर्षी सकाळची वेळ, बुवा गॅरेजात एका गाडीत वाकलेले. पाना पडला त्याचा आवाज आला. पाना पडनं काई नवं नाई, पन बुवा पाना पडला का त्याले शिवी देत, ते शिवी आली नाई म्हनून मी खाली गेली. बोनेटले धरून उभे होते, तोंड एका बाजूले गेलेलं. दवाखाना, मशीन, सारं झालं. उजवी बाजू गेली. अन् बोलनं गेलं. बोलनं गेलं म्हनजे आवाज हाय, समजते, पाहातात, पन शब्द नाई. डॉक्टर म्हने शब्दायची जागा जिथं असते तिथंच रक्त पोचलं नाई.

बाया भेटाले आल्या. माह्याकडे शिकलेल्या, शेजारच्या, साऱ्या मांडी घालून माह्या तोंडाकडे पाहात, हे आता रडन मंग रडन. मी त्यायले नक्कल करून दाखवली, दवाखान्यातला वॉर्डबॉय स्ट्रेचर कसं वळवते, क्लच न दाबता. त्या हसल्या, मंग एकमेकीकडे पाहू लागल्या. मले खरंच काई होत नव्हतं ताई. वाईट नाई, भेव नाई, काईच नाई. दात काढाच्या आधी सुई देतात, मंग गाल आपला असून आपला वाटत नाई, बोट लावून पाहा लागते हाय का म्हनून, तसं. आजही तसंच हाय. मी सांगून राहिली, तुमी हसा, मले तुमचं हसनं ऐकू येते, तेवढंच.

बोलनं शिकवनारी एक मॅडम घरी येये. पोरगीच होती, कवळी. ते म्हने, काकू, काकाले जे आवडते त्याच्याबद्दल बोलत राहा, रोज, काका बोलो का नाही. मी म्हटलं, आवडते ते सांगाले गेलं तर पोरी तुह्या कानाले बरं वाटनार नाई. लाजली बिचारी. मंग मी म्हटलं, गाड्या आवडतात. तर गाड्यायचंच बोला म्हने.

मंग पुन्हा दुपारी कूलरसमोर कार्यक्रम सुरू झाला. पन आता दोन्ही बाजू मलेच बोला लागत. पयले त्यायची बाजू सांगाची, पाहा चार्जर कशी दिसून राहिली, मंग माही, मंग पुन्हा त्यायची. मले एक आयडिया सुचली. बुवाले चुकीचं सहन होत नव्हतं, कोनी मस्टँगले कमॅरो म्हटलं तर भर लग्नात पंगतीतून उठून सांगाले जात. म्हनून मी मुद्दाम चुकीचं बोले. म्हटलं, कॉर्वेट लोखंडाची हाय बरं, पावसात सडते. काई नाई. मस्टँगमंधी मांगं चौघं आरामात बसतात. काई नाई. चार्जरच्या बोनेटवर ते गिधाड असते. डोयाची पापनी हालली, पन ते माशीनं. एक दिवस तर म्हटलं, या साऱ्या गाड्या डिझेलवर चालतात. यावर मानूस मेला असन तर उठून बसन. बुवा कूलरकडे पाहात राहिले.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, मी चुकीचं बोलत राहिली. इतकं बोलली का मलेच आता खरं कोनतं ते आठवा लागते. पयले आस वाटे, आज बोलतीन. मंग ते गेलं. मंग नुसतं तोंड चाले, जसं लिलाववाल्याचं चालते.

पोरगी आमची, मोनू, पुन्याले नोकरीले हाय. ते आली, पाह्यलं, म्हने आई, बाबाले वरतून खाली उतरवाले दोन मानसं लागतात, मांगच्या शेडमंधी खोली काढू, तिथंच बाथरूम, बाबा खालीच राहातीन. बरोबरच होतं. शेडमंधी कॉन्टेसा उभी होती, टायर बसलेले, वर मांजर. मोनू म्हने, बाबा आता चालवनार नाईत, आई, हे तर समजते ना तुले. मी म्हटलं, समजते. काई वाटलं नाई. तिनं गाडी विकाले मोबाईलवर फोटो टाकला अन् पुन्याले निघून गेली.

अकोल्याहून एक जन आला पाहाले. तरुन मानूस, गळ्यात साखळी, लग्नाच्या वरातीले गाड्या भाड्यानं देते. मी शेजारच्यायले बोलावून बुवाले खाली आनून शेडच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं, त्यायची गाडी हाय, त्यायच्यामांगं सौदा नाई कराचा म्हनून. त्यानं गाडीभोवती चक्कर मारला, टायरले लाथ मारली, समोर गेला अन् म्हने, काकू, हा बैल कावून लावला? मी म्हटलं, घोडा हाय तो. तो म्हने, वशिंड हाय ना. म्हटलं, तब्येतीनं भरला हाय थोडा. तो हसला, पोरगा बरा होता स्वभावानं. मंग सांगाले लागला, काकू, लोकायले आजकाल मस्टँग पायजे वरातीले, खरी आनाची म्हटलं तर कस्टमचीच अशी मार हाय का नवरदेव विकला तरी जमनार नाई, अन् आनली बी, तर डाव्या बाजूचं इस्टेरिंग, आमच्या ड्रायव्हरले जमत नाई. मंग मी काय करतो, अशी जुनी कॉन्टेसा घेतो, टप कापून टाकतो, उघडी करतो, लाल रंग, मांगची सीट काढून टाकतो, तिथं दांडा लावतो, नवरदेव उभा राहाते दांडा धरून, लाईट लावले का अमेरिका. बरोबर हाताच्या बोटानं टपावर रेघ ओढून दाखवली, इथून कापाचं.

तेव्हा आवाज आला, मांगं कोन बसन?

मले पयले वाटलं मीच बोलली. रोज मीच बोलतो ना दोन्ही बाजू. त्या पोरानं खुर्चीकडे पाह्यलं अन् सरळ उत्तर देल्लं, कोनी नाई बसत काका, नवरदेव उभा राहाते. बुवा म्हने, मांगं कोन बसन. घोगरा, जड, पन एकेक अक्षर जागेवर. पोरगा म्हने, काकू, काका रागावून राहिले का? मी म्हटलं, थांब बाबू, गॅसवर दूध हाय. वर गेली. गॅसवर काई नव्हतं. ओट्यापाशी उभी राहिली, हात धुतले, पुन्हा धुतले, रडू येते का पाह्यलं, नाई आलं, खाली आली. त्याले म्हटलं, बाबू, दुसरी गाडी पाह, हे नाई द्याची. तो म्हने, भाव वाढवतो. मी म्हटलं, भावाचं नाई. त्याले चहा पाजला, भजे खाऊ घातले, अन् तो गेला, जाताना बैलाले हात लावून गेला.

आता तुमी म्हनसान, चांगलं झालं, बोलले. बोलले ना. मॅडम आली, तिनं टाळ्या वाजवल्या, विचारलं, काका तुमचं नाव काय? मांगं कोन बसन. हा कोनता रंग? मांगं कोन बसन. पानी पायजे का? मांगं कोन बसन. मॅडम म्हने, काकू, असं होते, शब्द सारे गेले तरी लय वेळा ऐकलेली एखादी ओळ राहून जाते, कधी शिवी राहाते, कधी देवाचं नाव राहाते. पुढं कधी शब्द वाढतीन, कधी नाई वाढनार. म्हटलं, ठीक हाय. तेव्हापासून आमच्या घरात तेच एक वाक्य चालते. लंबं ओढलं का पानी. तोडून म्हटलं का लघवी. डॉक्टरनं विचारलं, बीपीची गोळी घेता का, तर त्यायले बी तेच, डॉक्टर मांगं वळून पाहाले लागले. मोनूले फोनवर तेच, ते रडली तिकडून. मी नाई रडली. मले फक्त एक खटकते. ते वाक्य माहं हाय. त्यायचं तर दुसरं होतं, बसाले नाई, पाहाले हाय. साऱ्या जन्मात जे बोलले, गाड्यायचे नाव, इंजिनचे नाव, ते सारं गेलं अन् राहिलं काय, तर मी टोकलेलं.

खोली काई झाली नाई. मी हॉलमंधला पलंग काढून गॅरेजातल्या ऑफिसात टाकला, ते खालीच हाय, मोनू रुसली, मंग मानली. शेड हाय तशी हाय, गाडी हाय तशी हाय, मांजर बी हाय.

अन् आता दुपारी जेवनं झाले का मी बुवाले शेडमंधी नेतो. त्यायचा डावा हात चांगला हाय, तर डाव्या दाराच्या वरचा दांडा धरून बसता येते, म्हनून तिकडूनच बसवतो. पयल्या दिवशी त्यायले बसवलं अन् मी फिरून उजव्या दारानं इस्टेरिंगवर बसली. तर सुरू झाले, मांगं कोन बसन. पानी देल्लं, नाई. मांजर हाकललं, नाई. आवाज चढत गेला, मांगं कोन बसन, मांगं कोन बसन, कपाळावर घाम. मी त्यायच्याकडे पाह्यलं तर ते सरळ पुढं पाहून राहिले होते, काचेतून, डावा हात समोर डॅशबोर्डवर, बरोब्बर जसा गाडी चालवताना असते तसा. तेव्हा मले समजलं. त्यायच्या गाडीत इस्टेरिंग डाव्या बाजूले, अमेरिकेसारखं, त्यायच्याच हातात होतं. मी होती बाजूच्या सीटवर. अन् मांगं खरंच कोनी नव्हतं, सासूबाई नाई, मोनू नाई, सारी सीट रिकामी.

मी उतरली, मांगचं दार उघडलं अन् मांगं बसली. इतक्या वर्सात त्या गाडीत मी मांगं कधी बसलीच नव्हती. गुडघे मावतात बरं. सीट थोडी बसली हाय, पन मावतात. बुवा चूप झाले. मंग त्यायनं तो डावा हात उचलला, हळूहळू, मंधातल्या आरशाले लावला अन् तो फिरवत फिरवत मी दिसतो तिथपर्यंत आनला. अन् पाहात राहिले. मी म्हटलं, आता कशाले विचारता, बसली ना मी. आता पाहा.

तर रोज असं चालते. थोडा वेळ बसतो, मी मांगून गाड्यायचे भाव सांगतो, चुकीचे नाई, आता बरोबरच सांगतो, मंग उतरतो, चहा. मले काई वाटाले लागलं का, असं विचारता तर नाई ताई, अजून नाई. गाल तसाच हाय. बोट लावून पाहातो कधी कधी.

चला, उजेड हाय तोवर निघा, राजापेठेत आता ट्युशन सुटन. क्लच पूर्न सोडत जा. अन् गाडी रिकामी नका नेत जाऊ, कोनाले तरी मांगं बसवत जा.